खान्देश उत्तम, मुक्काम पुणे

राहायला सगळ्यात चांगला मुलूख कोणता आणि सगळ्यात भिकार कोणता, हे तुम्हाला आज ना उद्या कुणीतरी विचारणारच. लग्नाच्या पंगतीत विचारतील, रेल्वेत समोरच्या बाकावरचा विचारेल, नाहीतर कुणी न विचारताच तुम्ही सांगाल. ऐनवेळी फजिती नको म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. मी स्वतः जन्मभर जळगाव जिल्ह्यात राहिलो, त्यामुळे या विषयात माझा अधिकार शून्य. पण अधिकारी माणसं दर दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझ्याकडे उतरतात. त्यांचं ऐकून ऐकून तयार झालो आहे.

सगळ्यात आधी मुलूख सोडा. जिथे राहतो तिथलं कौतुक करायला माणसाला फुरसतच मिळत नाही. नळ, लाइट, सातबारा यातच दिवस जातो. खान्देशाबद्दल ठाम बोलायचं तर किमान मनमाडच्या पलीकडे गेलं पाहिजे. नाशिकला गेलेला माणूस ‘आपल्याकडे बरं होतं’ इतपतच म्हणतो. पिंपरी-चिंचवडला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला की ‘खान्देशासारखा मुलूख नाही’ इथपर्यंत मजल जाते. समुद्र ओलांडला तर विचारूच नका. याला शास्त्राधारही आहे. गंगेत स्नान केल्यानं, नर्मदेच्या दर्शनानं आणि तापीच्या नुसत्या स्मरणानं पुण्य लागतं, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. म्हणजे तापीकाठी राहायची अट मुळातच नाही. आठवण काढली की झालं. आमच्यातल्या कित्येकांना त्या स्मरणानं पुण्य मिळालं, बाकीच्यांना पुणं मिळालं.

ज्यांना पुणं नाही मिळालं ते सुरतेला गेले. तापी पूर्वेकडून येते, आमच्या दारावरून जाते आणि सुरतेला जाऊन समुद्राला मिळते. माणसं तिच्याच मागोमाग जातात. उधना, लिंबायत भागात फिरून पाहा, आमची अहिराणी बोली ऐकायला अमळनेरला यायची गरज नाही.

खान्देश म्हणजे नेमका कुठून कुठवर, असं कुणी विचारलं तर गडबडू नका. १९०६ पर्यंत एकच खान्देश जिल्हा होता. इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. हा झाला कागदावरचा हिशोब. अभिमान सांगायला एवढा खान्देश पुरत नाही. तेव्हा बऱ्हाणपूर जोडून घ्यायचं (फारुकी सुलतानांची राजधानी होती ती, आज मध्य प्रदेशात असली म्हणून काय झालं), नाशिककडचं बागलाण ओढून घ्यायचं, अहिराणी ऐकू येईल तिथवर हात लांब करायचा. टंचाईची, कुपोषणाची बातमी आली की मात्र तोच हात आखडता घ्यायचा. ‘ते इकडे नाही, तिकडे सातपुड्यात.’ जळगावकरानं धुळ्याकडे बोट दाखवायचं, धुळेकरानं नंदुरबारकडे, आणि नंदुरबारकराला पुढे गुजरातची हद्द लागते म्हणून त्यानं धडगावकडे.

नावाच्या वादात पडू नका. खान आला म्हणून खान्देश की कान्हाचा म्हणून कान्हदेश, यावर आमच्याकडे रात्री उलटल्या आहेत. अकबरानं १६०१ साली असीरगड घेतल्यावर आपल्या मुलाच्या, दानियालच्या, नावावरून या मुलखाचं नाव दानदेश केलं होतं. टिकलं नाही ते बरंच झालं. आज आपण सगळे दानदेशी असतो आणि वर्गणीवाल्यांनी जिणं नकोसं केलं असतं.

आता दुसऱ्यांचे मुलूख. इथे नियम सोपा आहे: दुसऱ्याचा दोष हा दोष, आपला दोष म्हणजे वैशिष्ट्य. कोकण सुंदर आहे म्हणायचं आणि त्याच श्वासात घामाचा विषय काढायचा. पश्चिम महाराष्ट्राबद्दल ‘सगळं यांनीच नेलं’ एवढंच म्हणायचं. काय नेलं ते कुणी विचारत नाही. मराठवाड्याच्या पाण्यावर बोलायचा मोह होईल, तो आवरा. तिथला माणूस उलटून तुमच्या गावचा नळ कितव्या दिवशी येतो ते विचारेल. मुंबईला राहण्याची जागा म्हणायची पद्धत नाही.

खरी पंचाईत विदर्भाची. आमचं एकमेव राष्ट्रीय पातळीवरचं यश म्हणजे ऊन, आणि त्यात चंद्रपूर, अकोला वाटेकरी होतात. मे महिन्यात आमच्याकडे लोक पेपर उघडून आधी तापमानाचा तक्ता बघतात. भुसावळचा आकडा जळगावच्या खाली आला तर भुसावळकराचा चेहरा पडतो, एवढं उकडून घेतलं ते फुकट गेल्यासारखा. पारा ४५ वर गेला की मुंबईतल्या भावाला फोन जातोच. तो बिचारा ३४ मध्ये निथळत असतो. त्याला सांगायचं, ‘आमचं ऊन कोरडं असतं रे, जाणवत नाही.’ हे वाक्य पाठ करा. ते म्हणताना तुम्ही अकरा वाजता शटर ओढून घेतलेलं असतं, खिशात कांदा असतो, डोक्याला रुमाल असतो, दारावर वाळ्याची ताटी भिजवलेली असते, आणि गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देत असतं. संध्याकाळी सातला गच्चीवर बादलीभर पाणी ओतलं की फरशी अंगावर ओरडल्यासारखी चर्र करते. पण जाणवत नाही.

या उन्हाचा हिशोब कसा लागतो ते रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा. त्याचा पीकविमा हवामानावर बांधलेला. ठरलेल्या अंशाच्या वर, ठरलेले इतके दिवस सलग पारा राहिला तर भरपाई. बागेतली झाडं मान टाकून उभी असली तरी केंद्रावरच्या यंत्रानं ते कबूल करावं लागतं. त्यामुळे अख्ख्या महाराष्ट्रात ‘देवा, अजून अर्धा अंश वाढू दे’ असं हात जोडून म्हणणारा एकच शेतकरी आहे, आणि तो मुळात केळी करपू नये म्हणून देवळात आलेला असतो.

केळीवरून आठवलं. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हे वांगं याच मातीतलं, दुसरीकडे लावून त्याला हे नाव देता येणार नाही, असा सरकारी शिक्का बसला. माणसांसाठी ही सोय अजून निघालेली नाही. म्हणून तर पुण्यात वाकडला राहूनही अस्सल खान्देशी राहता येतं.

भरताचा विषय निघालाच आहे तर हिवाळ्यात तुम्ही काय करायचं ते सांगतो. डिसेंबर-जानेवारीत एकदा तरी ऑफिसातल्या लोकांना ‘तुम्ही खाता ते भरीत नव्हेच’ असं सुनवायचं. वांगी बामणोदची, हिरवी, पांढऱ्या रेघांची. ती शेतात काट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजायची. साल काढून लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, हे मध्येच थांबून समजावून सांगायचं. ऐकणाऱ्यानं तोवर पोळीभाजीचा डबा संपवलेला असतो, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

माझा चुलतभाऊ बापू हे सगळं फार रंगवून सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी पुण्याला निघालो तर त्यानं फोनवर हट्टच धरला. पाच किलो वांगी नेली. काट्याही आण म्हणाला. पोत्यात बांधलेला तो भारा घेऊन मी गाडीत बसलो तेव्हा टीसीनं तिकिटाऐवजी पोत्याकडेच जास्त वेळ पाहिलं. बापूची इमारत अकरा मजली. गच्चीवर जाळ करायचा म्हटल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी नियमावली दाखवली, मग अग्निशमनाची नळकांडी दाखवली. खाली बागेत करावं तर वॉचमन आडवा आला. तो धरणगावचा निघाला, त्याला भरीत हवं होतं पण नोकरीही हवी होती. शेवटी खिडक्या लावून घेऊन वांगी गॅसवर भाजली आणि मिक्सरमध्ये फिरवली. वहिनीनं भाकरीला वेळ नाही म्हणून पाव आणले. बापूनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘चव नाही आली. पुण्याच्या पाण्याचा दोष.’ वांगी, मिरची, तेल सगळं मी जळगावहून नेलेलं. पुण्याचं राहिलं होतं ते पाणीच खरं, पण भरतात पाणी घालत नाहीत. काट्यांचा भारा अजून त्याच्या बाल्कनीत आहे. आल्या-गेल्याला दाखवतो.

वादात कमी पडलात तर एक हुकमी पत्ता हातात ठेवा: विप्रो. हिंजवडीत चहाच्या टपरीवर एकदम टाकायचा. ‘१९४५ साली कुठे निघाली माहितीये? अमळनेरला! वनस्पती तुपाचा कारखाना होता.’ अमळनेरात ज्यांनी जुने शेअर विकायचा आळस केला ते श्रीमंत झाले, हेही जोडून द्यायचं. पुढे कंपनी बंगळूरला गेली, एवढं मात्र घाईत सांगून मोकळं व्हायचं. नाहीतर समोरचा म्हणेल, म्हणजे तीही निघूनच गेली. कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी अमळनेरला येऊन मास्तर झाले, हे उलटं उदाहरण देता येईल. पण ते शंभर वर्षांपूर्वीचं आहे, आणि लोक ताजं मागतात.

भाषेचंही एक पथ्य आहे. अहिराणी फार गोड आहे, हे नेहमी मराठीत सांगावं. पुण्यातल्या मुलांसमोर बोलू नये, त्यांचं मराठी बिघडतं. मराठीही फार बोलू नये, इंग्रजी बिघडतं. वर्षातून एकदा आजीनं नातवाच्या गालावरून हात फिरवत काहीतरी म्हटलं की त्यानं बापाकडे बघावं आणि बापानं भाषांतर करावं. एवढा व्यवहार संस्कृती टिकवायला पुरतो, असं बापूचं मत आहे.

तर बापू. गेल्या आखाजीला तो सहकुटुंब आला. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पुरुष पत्ते कुटतात, आणि ऊन असं की खापरावर मांडे भाजायला चूल पेटवायची तरी गरज आहे का असं वाटावं. मांडे आणि आमरस रेटून बापू ओसरीवर आडवा झाला आणि म्हणाला, ‘नाना, खरं सांगू का, राहावं तर इथंच. रिटायर झालो की पहिली गाडी.’ हे तो दरवर्षी म्हणतो. त्यासाठी त्यानं गावाबाहेर प्लॉट घेऊन ठेवला आहे. त्यावर ‘सदर प्लॉट विकणे नाही’ अशी पाटी मी रंगवून घेतली, बाभळी दोनदा मी तोडल्या, गाजरगवत सोडून दिलं. त्याला दर पावसाळ्यात फोटो लागतो. शेजारच्यांच्या बकऱ्या दिसणार नाहीत असा कोन आता मला सापडला आहे.

त्या रात्री अडीच वाजता गल्लीत भांडी वाजली. कुणीतरी ओरडलं, ‘पानी उनं!’ सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या, दिवे पिवळे पडले, आणि बापूसाठी मुद्दाम भाड्यानं आणलेला कूलर घरघर करून बंद पडला. मी खालून हाक मारली, ‘बापू, गच्चीवरची नळी धर!’ तो बनियनवर, एका हातात मोबाइलची बॅटरी आणि दुसऱ्या हातात नळी धरून ड्रमपाशी उभा राहिला. धार करंगळीएवढी. पाऊण तासानं वरून आवाज आला,

‘नाना, रोज असंच असतं का रे?’

‘नाही रे, रोज कुठलं. नवव्या-दहाव्या दिवशी.’

सकाळी कळलं की मुलीचा कसलातरी क्लास अचानक निघाला होता. तात्काळमध्ये तिकीट काढलं. निघताना आईनं उडदाचे पापड, बिबड्या, काळा मसाला, कैऱ्या असं बांधून दिलं. स्टेशनवर बापूचे डोळे भरून आले. खोटे नव्हते, एवढं सांगतो.

रात्री दहाच्या सुमाराला त्याचा मेसेज आला. खाली तापीवरच्या सूर्यास्ताचा कुठूनतरी घेतलेला फोटो, वर ओळ: ‘आपल्या खान्देशासारखा मुलूख नाही.’

वेळ पाहिली. मनमाड गेलं होतं.