कॅबिनेट म्हणजे नुसता डबा नव्हे भावांनो

पीसी असेंबल करायचा विषय निघाला की ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, "कॅबिनेट म्हणजे नुसता डबा, दीड-दोन हजारात एसएमपीएससकट (म्हणजे पॉवर सप्लायसकट) मिळतो तो उचला, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, पुढनं काच आणि लायटिंगचे फॅन असले की बास, आणि तापलंच तर साइडचं झाकण काढून ठेवा." कोल्हापुरात राजारामपुरीत पार्ट घ्यायला निघालेली पोरं हेच वाचून जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डबा म्हणे! अरे प्रोसेसर बदलतो, कार्ड बदलतं, बोर्ड बदलतो, पण एटीएक्सचं, म्हणजे बोर्ड आणि कॅबिनेट एकमेकांत बसायचं, माप इंटेलनं 1995 ला आणलं ते आजही चालतंय, त्यामुळं नीट बघून घेतलेलं कॅबिनेट पुढच्या बिल्डलापण वापरता येतं. नुसतं टॅली आणि पोरांचा अभ्यास असेल, वेगळं कार्ड नसेल तर स्वस्तातलं घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण 170 वॅटचं आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड बसवणार असाल तर ती सगळी उष्णता कुठनं तरी बाहेर पडायला पाहिजे का नको?

आता काच, खरा घोळ इथंच आहे. काचेमागं तीन फॅन कितीही झगमगू देत, कडेला हवा घ्यायला धड फटच नसेल तर ते ओढणार काय? खालनं-बाजूनं हवा घेणारी काचेची चांगली कॅबिनेटं असतात, पण ती या बजेटात बसत नाहीत. या बजेटात पुढं जाळी बघा, बाकी सगळं नंतर. घरात आधीच काचेचं असेल तर अर्धा तास गेम चालवा, कार्डाचं तापमान लिहून ठेवा, मग पुढचं पॅनल काढून तोच गेम तेवढाच वेळ परत चालवा. पाच-सात डिग्री उतरलं तर पॅनलच हवा अडवतंय.

झाकण काढून ठेवा म्हणणाऱ्यांचं एक खरंय, तापमान उतरतं कधीकधी. पण त्यातनं सिद्ध काय होतं, तर कॅबिनेट कोंडतंय एवढंच. आणि आपल्याकडं हंगामात उसाचा पाला पेटला की काळी काजळी गच्चीवरनं घरात येते, ती फिल्टरला बगल देऊन थेट कार्डाच्या फिनांत बसते, वर पावसाळ्यातली ओल, म्हणजे तो थर ब्रशनंसुद्धा लवकर निघत नाही. उघड्या बोर्डावर पाल चढली तर शॉर्ट व्हायची भीती वेगळीच.

फॅन जास्त म्हणजे थंड, हेपण अर्धवट. पुढं दोन आत घेणारे, मागं एक बाहेर टाकणारा, बऱ्याच घरगुती बिल्डला एवढं पुरतं. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवा, म्हणजे फटीफटीतनं धूळ ओढली जात नाही. वर अगदी पुढच्या बाजूला बाहेर टाकणारा फॅन लावला तर गार हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचायच्या आधीच निघून जाते.

सोबत येणाऱ्या एसएमपीएसवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका, मी हे कळकळीनं सांगतोय. डब्यावर 450 वॅट छापलेलं असतं, तुम्ही स्टिकर वाचा. 12 व्होल्टच्या खाली 16 अँपिअर लिहिलं असेल तर 12 गुणिले 16, झाले 192 वॅट! प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः त्याच लाइनवर चालतात.

आणि जे त्या मेसेजात नाहीच ते माप. प्रोसेसरवर उभे बसणारे टॉवर कूलर बरेचसे 155 ते 160 मिमी उंच असतात, छोट्या कॅबिनेटात झाकणच बसत नाही. पुढं लिक्विड कूलरचा रेडिएटर लावायचा तर साधारण 27 मिमी त्याचे आणि 25 फॅनचे, असे 52 मिमी कॅबिनेटात कार्डासाठी दिलेल्या लांबीतनं वजा करा आणि मगच दुकानदाराला पैसे द्या.