‘आम्ही डेटा विकत नाही’, मग कमाई कशाची?

फेसबुक, गूगल, व्हॉट्सॲप यांच्यावर टीका झाली की एक ठरलेलं समर्थन पुढे येतं. कंपन्या तेच बोलतात, आणि आता आपले लोकही: डेटा कुणाला विकला जात नाही, ‘सहमत’ तुम्हीच दाबलंय, नको असेल तर ट्रॅकिंग बंद करा, आणि फुकटच्या सेवेबद्दल एवढी कुरकुर कशाला?

‘विकत नाही.’ शब्दशः खरं आहे. माझ्या आवडीनिवडींची यादी दुसऱ्याला देऊन टाकली तर फेसबुकचाच धंदा बसेल. विकली जाते ती माझ्यापर्यंत पोचण्याची वाट, तीही रोज नव्याने. २०२४ मध्ये फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिचा महसूल सुमारे १६४ अब्ज डॉलर होता. त्यातला ९७ टक्क्यांहून जास्त जाहिरातींचा. शिवाय विकलं नाही म्हणजे बाहेर गेलं नाही, असंही नाही. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या हाती फेसबुकवरच्या लोकांची माहिती लागली, त्या प्रकरणात फेसबुकने स्वतः काही विकलं नव्हतं, फक्त एका प्रश्नावलीच्या ॲपला दार उघडं ठेवलं होतं. भारतात ते ॲप घेणारे ३३५. मित्रयादीतून ज्यांची माहिती गेली असावी असे साडेपाच लाखांहून जास्त. आकडे फेसबुकचेच.

‘तुम्हीच सहमती दिलीत.’ या साडेपाच लाखांनी कधी दिली? बरं, ते सोडा, व्हॉट्सॲपचंच बघा. २०१४ मध्ये ते विकत घेताना, दोन्हीकडची खाती आपोआप जुळवणं भरवशाने जमणार नाही, असं फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितलं. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपचे नंबर फेसबुकच्या खात्यांशी जोडायला सुरुवात झाली. तंत्र २०१४ मध्येच उपलब्ध होतं, हे उघड झाल्यावर २०१७ मध्ये ११ कोटी युरोचा दंड बसला. मग २०२१ चं नवं धोरण: मान्य करा, नाहीतर ॲप सोडा. मुलाच्या वर्गाच्या सूचना, सोसायटीच्या टँकरचा निरोप, वाण्याची यादी, सगळं ज्यावर चालतं ते सोडणार कसं? संदेशातला मजकूर कंपनीला वाचता येत नाही, हे मान्य. पण वाद त्याचा नव्हताच, बाकीची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्याचा होता. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ मध्ये या सक्तीबद्दल मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात दंड टिकला, जाहिरातींसाठी डेटा वाटण्यावरची पाच वर्षांची बंदी मात्र उठली.

‘बंद करता येतं.’ गूगलवर लोकेशन हिस्टरी बंद करूनही दुसऱ्या एका सेटिंगमधून ठिकाणांची नोंद होत राहायची. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी तडजोड करताना गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलर मोजले.

‘फुकट हवं तर डेटा द्यावाच लागेल.’ जाहिराती लागतील, हे कबूल. पण ट्विटरने खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले फोन नंबर जाहिरातींसाठी वापरले आणि २०२२ मध्ये १५ कोटी डॉलर भरले. ते नंबर वापरल्यावाचून ट्विटर काय बंद पडणार होतं? युरोपात मेटाने २०२३ च्या नोव्हेंबरात दोनच वाटा ठेवल्या: महिन्याला पैसे भरा किंवा पाळत सोसा. नियामकांचा दबाव वाढला, तेव्हा वर्षभरात तिसरी वाट निघाली. कमी माहितीवर चालणाऱ्या जाहिराती, आणि सेवा फुकटच. ही सोय मात्र युरोपपुरती.