सर्जन मर्सर यांची कलोडनची बाजू

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी ह्यू मर्सर यांच्यावरचा लेख आवडला, पण तो थेट त्या युद्धातल्या प्रिन्सटनच्या लढाईपासून सुरू होतो आणि खरी गंमत त्याआधीचीच आहे. ॲबरडीनला वैद्यक शिकलेला हा तरुण १७४६ मध्ये स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईत, ब्रिटिश राजा दुसऱ्या जॉर्जविरुद्ध उठलेल्या बंडखोर जॅकोबाइट सैन्यात सहायक सर्जन होता. पराभवानंतर लपतछपत १७४७ मध्ये पेनसिल्व्हेनियात आला आणि सरहद्दीवर वैद्यकी करू लागला. पुढे १७५६ मध्ये किटॅनिंग या मूळ अमेरिकन रहिवाशांच्या गावावरच्या ब्रिटिश बाजूच्या मोहिमेत जखमी होऊन साथीदारांपासून तुटला, तेव्हा स्वतःच स्वतःची मलमपट्टी करत जंगलातून फोर्ट शर्ली या किल्ल्यापर्यंत चालत गेला! ज्या राजाच्या फौजेपासून जीव वाचवून पळाला, त्याच राजाच्या बाजूने तो तेव्हा लढत होता, हे लेखात यायलाच हवं होतं.

मग व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला औषधांचं दुकान, जॉर्ज वॉशिंग्टनशी मैत्री. वॉशिंग्टनचं लहानपण गेलं ते फेरी फार्म हे शेतही मर्सरनेच १७७४ मध्ये विकत घ्यायचं ठरवलं होतं.

प्रिन्सटनला ३ जानेवारी १७७७ रोजी वॉशिंग्टनच्या बाजूने लढताना ब्रिटिशांच्या संगिनींच्या वारांनी तो कोसळला. डॉ. बेंजामिन रश उपचाराला होते, तरी १२ तारखेला गेला. जखमा किती खोल आहेत, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणाला कळत असणार?