'गाजर' या शब्दाबद्दल: 'एक सीमावासी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पाच दिवसांच्या चित्रपट शिबिराचा आराखडा मागच्या लेखात दिला होता. त्याखाली 'एक सीमावासी' या नावाने प्रतिक्रिया आली आहे. तिची सुरुवात अशी: "मोबाईलवर सिनेमा शिकवणं म्हणजे सीमाभागातल्या पोरांना गाजर दाखवणं. पुण्या-मुंबईच्या पोरांना कॅमेरा आणि आमच्यांना फोन?" पुढे भर पावसातलं शिबिर, प्रमाणपत्राला किंमत नसणं, मराठी शिबिरात कन्नड पोरं कशाला, आणि शिबिरवाल्यांची हौस फिटते पण पोरं होती तिथंच राहतात, असंही लिहिलंय.

पावसाचं तुमचं बरोबर आहे. जुलैत खानापुरात पत्र्याखाली संवाद रेकॉर्ड होत नाहीत. माइक छातीवर लावला तरी सरीचा आवाज शब्दांखाली बसून राहतो, आणि नंतर सॉफ्टवेअरने तो काढायला गेलं की माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. तारखा ठरवताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुढचं शिबिर दिवाळीनंतर घेऊ.

पण 'गाजर'? टोपणनावाआडून एखाद्याच्या कामावर असा शब्द टाकणं सोपं असतं. अकरा वर्षं मी ध्वनिमुद्रणाचं काम करतोय आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांत शिकवतोय. गाजर दाखवणारा माणूस दाखवून निघून जातो. मी दर वर्षी परत येतो. तुम्ही मतभेद मांडला असता तर या उत्तराचा सूर वेगळा असता. तुम्ही हेतूवरच बोट ठेवलंत, म्हणून त्या एका वाक्याला सविस्तर उत्तर देतो.

आधी साधा हिशेब. वीस मुलं, एक कॅमेरा, दिवसाचे सहा तास. म्हणजे ३६० मिनिटं, एकेकाच्या वाट्याला १८. त्यातून लेन्स बदलणं, बॅटरी बदलणं, ट्रायपॉड हलवणं वजा करा. उरलेला वेळ मुलं काय करतात? उभी राहून बघतात. चार-चार मुलांचे पाच गट करून प्रत्येक गटाला एक फोन दिला, तर एकेकाला दीड तास मिळतो आणि हाताला चारही कामं लागतात: एक कॅमेऱ्यावर, एक हेडफोन लावून आवाजावर, एक क्लॅप आणि शॉटच्या वहीवर, एक दिग्दर्शनाला. दर शॉटनंतर कामं फिरतात. आवाजावर बसलेल्या पोराला पंख्याची घरघर ऐकू यायला लागली की पुढच्या शॉटला तो स्वतःच उठून पंखा बंद करतो. नुसतं बघत उभं राहून हे येत नाही.

आणि 'खरा' कॅमेरा आल्याने चुका टळतात असं तुम्हाला वाटत असेल, तर बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात कापड विणायच्या मागाच्या शेडमध्ये एकदा शूट करून बघा. शेडमध्ये चोकच्या ट्यूबलाइट असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते. शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन उजाळे येतात आणि चित्र स्थिर राहतं. फोनवर बहुधा सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० असतं. मग दोनही पुरते येत नाहीत आणि चित्रावरून काळसर पट्टे सरकत राहतात. महागड्या कॅमेऱ्यावर १/६० ठेवलं तरी तेच पट्टे येतात. २५ फ्रेम आणि १/५०, उजेड जास्त असेल तर १/१००, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतो. फोनमध्ये शटर हाताने ठरवता येत नसेल तर ते करू देणारं फुकट कॅमेरा ॲप टाकायचं. फोकस आणि एक्स्पोजर दाबून लॉक करायचं, नाहीतर धोटा इकडून तिकडे गेला की चित्र उजळ-मंद होत राहतं. धाग्याची पिंज लेन्सवर बसते, म्हणून दर दहा मिनिटांनी मऊ सुती कापडाने लेन्स पुसायची. मागवाल्याची मुलाखत शेडच्या बाहेर घ्यायची आणि चालू मागाचा आवाज वेगळा दोन मिनिटं घेऊन ठेवायचा. मुलाखत घेतली त्या जागी सगळ्यांनी गप्प राहून ३० सेकंदांचा रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता आवाज, घ्यायचा. तो नसेल तर एडिटमध्ये प्रत्येक कटला आवाजात खड्डा पडतो. या सगळ्यात फोनमुळे काय कमी पडलं, ते सांगा.

सगळ्यात जास्त शिबिरं बुडतात ती आवाजात, आणि त्यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. कॅमेऱ्याच्या कॉलर माइकच्या पिनवर दोन काळ्या रेघा असतात, फोनच्या माइकवर तीन. दोन रेघांची पिन सरळ फोनमध्ये घातली की फोन तिला हेडफोन समजतो आणि आपल्या स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करतो. पडद्यावर काहीच चुकल्यासारखं दिसत नाही. संध्याकाळी एडिटला बसल्यावर कळतं की आजीचं बोलणं दहा फुटांवरून आलंय आणि फोन धरणाऱ्याचा श्वास मात्र स्वच्छ आहे. म्हणून दर वेळी दहा सेकंदांची चाचणी करतो: माइकवर नखाने खरवडायचं, मग फोनच्या खालच्या कडेला खरवडायचं, आणि लगेच ऐकायचं. कडेचा आवाज मोठा आला तर पिन चुकली.

माइक हनुवटीखाली एक वीत. बाई बोलणार असेल तर मंगळसूत्राचे मणी त्याला लागणार नाहीत असा, पदराच्या काठाला आतून मायक्रोपोर टेपने चिकटवायचा आणि वायरीला एक सैल वळसा द्यायचा. टेरिकॉटची साडी घासते, सुती कमी घासते. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, कारण शून्याला आवाज फाटतो. हसताना-रडताना ती उसळते, तेवढी जागा वर ठेवावी लागते.

फोनचा एक खरा दोष आहे आणि तो मी आराखड्यात लिहिलाय. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो. त्यामुळे आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर पाचव्या मिनिटाला ओठ आणि शब्द यांची फारकत होते. त्यावर उपाय म्हणजे एडिटला घेण्याआधी फाइल 'हँडब्रेक' या फुकट सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमवर काढून घेणं. हे न सांगता फोन दिले असते, तर तुमचा 'गाजर' शब्द मी मुकाट्याने ऐकून घेतला असता.

शिवाय आराखडा शेवटपर्यंत वाचला असता तर दिसलं असतं की चौथ्या दिवशी मिररलेस कॅमेरा येतोच. तोवर शटर, व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसावेत म्हणूनची जुळणी), १८० अंशांची रेषा (दोन पात्रांमधली रेषा, जिच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा) हे हातात बसलेलं असतं, त्यामुळे तो मुलं तासाभरात चालवायला लागतात. पुण्याच्या पोरांना कॅमेरा आणि आम्हाला फोन, हेही पुरतं खरं नाही. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेने २०१७ पासून 'स्किफ्ट' उपक्रमात ठिकठिकाणी लहान अभ्यासक्रम घेतले, त्यांत स्मार्टफोनवरचेही आहेत.

आणि आपल्याच निपाणीत 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट गटाने तंबाखू वखारीतल्या कामगार बायकांबरोबर १९८२ साली माहितीपट केला. तेव्हा रिळाचा जमाना होता, फूट मोजून शूट करायचे. पण त्या कामाचं बळ कॅमेऱ्यात नव्हतं. ते लोक महिनोन्महिने त्या बायकांबरोबर राहिले, त्यांचं ऐकलं, मग कॅमेरा लावला. मीही पहिल्या दिवशी अर्धा तास कुणाला काही शूट करू देत नाही. डोळे मिटून बसायचं आणि ऐकू आलेले आवाज वहीत लिहायचे. "काय करूलालास?" असं घरी विचारणारी पोर संवाद लिहायला बसली की लगेच "काय करतो आहेस?" लिहिते. ती सवय मोडायला दोन दिवस जातात. त्याला कुठलाच कॅमेरा पुरत नाही.

कन्नड मुलांबद्दल जे लिहिलंत ते मी चर्चेलाही घेणार नाही. एका गटात दोन्ही भाषा असल्या की सबटायटल दोन्हीकडून तपासून होतात, आणि मराठी जोडाक्षरं किंवा कन्नडचे ओत्तक्षर (अक्षराखाली जोडलेलं व्यंजन) फुटले तर तिथल्या तिथे कळतं. तेवढ्यासाठी जुने फॉन्ट टाळून युनिकोड वापरायचे, आणि प्रीमियर या एडिटच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिपींचं निवडायचं. प्रमाणपत्र आम्ही मागणाऱ्यालाच देतो. पोरं तिथंच राहतात का, याचं उत्तर पोरांनीच द्यावं. तुम्ही त्यांच्या वतीने बोलू नये.

तुमच्या घरी एखादा कॅमेरा पडून असेल तर चौथ्या दिवशी सकाळी नऊला घेऊन या. दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणि रिकामं कार्ड आणा. आणि पुढच्या वेळी प्रतिक्रियेखाली स्वतःचं नाव लिहा.