चौदावा दिवस कुणाचा?

बीडकडच्या आमच्या मंडळींचं ठाम मत ऐकून डोकं फिरलं. पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढली, की विषय संपला; नंतरच्या लसी नि गोळ्या म्हणजे डॉक्टरांची कमाई. म्हणे बिनकामाचा अवयव!

अहो, न्यूमोकोकससारखे कवचवाले जंतू रक्तातून गाळायचं काम तिचंच. ती नसली, की सकाळी हुडहुडी भरलेल्या माणसाचा रक्तदाब रात्रीपर्यंत कोसळू शकतो. त्यातले निम्मेही दगावू शकतात. पहिली दोन-तीन वर्षं धोका जास्त, पण तो पुरता कधीच जात नाही.

ऑपरेशन ठरवून असेल तर न्यूमोकोकल, मेनिन्गोकोकल, हिब या लसी किमान 2 आठवडे आधी. अपघातात फुटून काढावी लागली तर साधारण 14 दिवसांनी. त्याआधी शरीर लसीला नीट दाद देत नाही. गोम इथंच आहे. आठ-दहा दिवसांत टाके निघतात, पेशंट गावी जातो, आणि चौदावा दिवस कुणाच्याच हिशेबात नसतो. इथं इंग्लंडात तो जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरच्या, हिशेबात असतो, पेनिसिलिन 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा त्याच चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा मिळत चालू राहतं, फ्लूची लस दरवर्षी.

हाच पेशंट दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊस तोडायला गेला तर? पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर निदान 6 आठवडे मोळी उचलायची नाही, नाहीतर हर्निया. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, ताप आला, तर क्रोसिननं ताप उतरेल, जंतू नाही मरायचा. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. कुत्रं चावलं तर रेबीजच्या सुया घेतोच आपण. पाणथरी नसलेल्याला अँटिबायोटिकही लागतं, कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू अशांना फार लवकर गाठतो. मलेरियाही जास्त झोंबतो, मच्छरदाणी हवीच.

ऑपरेशननंतर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, वाढतात. दुसऱ्या आठवड्यात पोट दुखून ताप आला तर गॅस समजून सोडा पाजू नका. यकृताकडं जाणाऱ्या शिरेत गुठळी असू शकते, डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या.

‘तिकडं बसून शिकवू नको,’ हे ऐकावं लागणारच. खरंय, मुकादमाची उचल माझ्या डोक्यावर नाही. तरी खिशात ठेवायचं कार्ड मराठीत छापा एवढं सुचवलं: ‘मला पाणथरी नाही, ताप आला तर थांबू नका.’ त्यावर पुतण्या म्हणाला, “काका, पाणथरी कोण म्हणतं आता? स्प्लीन लिहा.”