आमना डोयासनं काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

रसायनं डोळ्याला किती इजा करतात हे सशांच्या डोळ्यांऐवजी बशीत वाढवलेल्या पेशींवर तपासता येतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत: "सशांचे डोळे वाचवायला निघालात. बशीतल्या पेशींना कधी आग होते का? कपाशीवर फवारणी आम्ही करतो. आमना डोयासनं काय?" म्हणजे, आमच्या डोळ्यांचं काय? तुमचा राग रास्त आहे. 'आता सशाची गरजच उरली नाही' असं मी लिहून बसलो, ते चुकलंच.

पण ससा आपल्या डोळ्यांची राखण करत होता, हे काही मला पटत नाही. अमेरिकी विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांची सशांवरच्या तपासणीची ही पद्धत १९४४ची. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलिलिटर द्रव सोडायचा, दुसरा तुलनेला ठेवायचा आणि लाली, सूज, धुरकटपणा बघून गुण द्यायचे. गरज पडली तर २१ दिवस. सशाला तिसरी पापणी असते, डोळ्याला पाणी कमी येतं, पापणीही आपल्याइतकी लवत नाही. वर गुण देणार माणूस! तेच पदार्थ वीसहून जास्त प्रयोगशाळांना दिले, तर निकाल जुळेनात, हे १९७१ सालीच छापून आलं होतं.

आता बशीतल्या पेशींचं. माणसाच्या पेशी थरावर थर वाढवून डोळ्याच्या पारदर्शक पडद्यासारखा पापुद्रा तयार करतात. त्यावर पदार्थ लावायचा, धुवायचा, मग एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. रंग मोजला की किती पेशी तगल्या ते कळतं. साठ टक्क्यांहून जास्त तगल्या तर पदार्थ निरुपद्रवी गटात. आग होत नाही हे खरं, पण मरण मोजता येतं. दुसरी पद्धत कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांची: पडदा किती गढूळला आणि रंगद्रव्य त्यातून किती झिरपलं, ते बघतात. अल्कोहोलच्या जातीचे काही पदार्थ इथे उगाच जहाल ठरतात. आणि इजा महिन्याभरात भरून येईल का, हे दोन्हींपैकी एकही सांगत नाही. तिथे तुमचं म्हणणं मला मान्य.

आपल्याकडची प्राण्यांवरच्या चाचण्यांवरची २०१४ची बंदी फक्त सौंदर्यप्रसाधनांना आहे. तुमच्या पंपातल्या औषधाला ती लागू नाही, म्हणजे सशापायी तुमचा बळी दिलाय असं नाही.

मला खरी काळजी वाटते ती कीटकनाशकाच्या डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाची. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर किती विषारी, यावरून ठरतात. डोळ्याचा त्यात हिशेबच नाही. हिरवा त्रिकोण बघून चष्म्याशिवाय पंप पाठीला लावणारे आमच्या शिवारातही आहेत; वाऱ्याच्या तोंडावर फवारतात आणि फवारा उडाला की उपरण्यानं डोळा पुसतात. पुसू नका. स्वच्छ पाण्यानं सलग पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

'सशाची गरजच उरली नाही' हे वाक्य आजच बदलतो. तुमच्याकडच्या डब्यावर डोळ्यांबद्दल काय छापलंय, तेवढं बघून इथे लिहाल का? अक्षर बारीक असेल, नातवाला वाचायला सांगा.