माती बदलली, पण वाफेचं काय?

‘वरची दोन-तीन फूट माती काढून स्वच्छ भराव टाकला की जागा राहण्यायोग्य होते’ हे जुन्या कारखान्यांच्या दूषित जमिनीवर घरं बांधण्याविषयीच्या लेखातलं वाक्य जरा धाडसाचंच आहे. शिशाच्या बाबतीत ते बरंचसं चालतं, कारण शिसं मातीच्या कणांना चिकटून वरच्या थरातच राहतं. पण जुन्या कारखान्यांत यंत्रांच्या भागांवरचं तेलग्रीस धुवायला ट्रायक्लोरोइथिलीन हे द्रव रसायन वापरत. ते पाण्यापेक्षा जड, त्यामुळे भूजलातही खाली खाली उतरत जातं. वर येते ती त्याची वाफ, आणि ती फरशीच्या भेगांतून, पाइपांच्या कडेने थेट घरात शिरते. मी माती तपासणीच्या कामात होतो तेव्हा बिल्डरचा ठरलेला प्रश्न असायचा, ‘नमुने कमी घेऊन नाही का भागणार?’ मातीतल्या हवेचाही नमुना घ्यायचाय म्हटलं की चेहरे पडायचे.

आणि भरावाचा थर कायमचा सांभाळावा लागतो, हे लेखात कुठेच नाही. अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉल या वस्तीत जमिनीत पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर झाकण होतंच की! १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली, करारात कचऱ्याचा उल्लेखही होता. तरी पुढच्या बांधकामांत, रस्ते आणि सांडपाण्याच्या वाहिन्या खोदताना ते झाकण फुटलं, रसायनं बाहेर आली, आणि १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. ‘इथे खोदू नये’ ही नोंद जमिनीच्या कागदपत्रांवर कोण टिकवणार, आणि भूजल तपासत राहण्याचा खर्च वीस वर्षांनी बिल्डर देणार की रहिवासी, एवढं तरी लेखकाने विचारायला हवं होतं.